वर्गाचे भित्तिपत्रक चालवणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

ठाणे किंवा नवी मुंबईतील माध्यमिक शाळेत मराठीचे शिक्षक म्हणून नव्याने रुजू होणाऱ्यांना पत्रलेखन, बातमीलेखन, आत्मकथन यांचे आराखडे समजावून सांगण्याची गरज नसते. दहावीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत उपयोजित लेखनाला २४ गुण असतात, हेही त्यांना ठाऊक असते. म्हणून त्याविषयी न लिहिता नववीच्या वर्गात मुलांचे लेखन मुलांनीच वाचावे, यासाठी चालवलेल्या भित्तिपत्रकाविषयी लिहीत आहे. या कामाची धास्ती मला अजूनही वाटते.

पन्नास-पंचावन्न मुलांच्या वर्गात आठवड्याची एक तासिका लेखनासाठी राखून ठेवावी. दर आठवड्याला एका गटाचे लेख फलकावर लावावेत आणि प्रत्येक लेखाखाली प्रतिसादासाठी कोरा कागद जोडावा. व्यवस्था एवढीच पुरते. सुशोभनावर वेळ घालवू नये, कारण रंगीत खडूंच्या वेलबुट्टीत मुलींचे दोन तास जातात आणि लेखन तसेच राहते.

पहिले काही आठवडे निराशेचे जातात, हे आधीच सांगून ठेवते. ‘माझे शहर’ असा विषय दिला की १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वेगाडी आली, हे वाक्य निम्म्या लेखांत येते. रोज सकाळी ठाणे स्थानकावर वाशीच्या गाडीत कशीबशी चढणारी आई मात्र एकाही लेखात नसते. मुलांकडे सांगण्यासारखे काही नाही, असा निष्कर्ष यावरून काढू नका. परीक्षकाला काय आवडेल याचा अंदाज बांधून लिहायची सवय त्यांना आपणच लावलेली असते. निबंधांची तयार पुस्तके आणि आता फोनवर क्षणात मिळणारे निबंध ही सवय अधिक घट्ट करतात. ही पुस्तके वर्गात आणू देऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे आणि ‘निदान नमुना म्हणून तरी वापरा’ हा ज्येष्ठांचा सल्लाही मला पटत नाही. नमुना एकदा डोळ्यांसमोर आला की चौदा वर्षांच्या मुलाचे स्वतःचे वाक्य पुन्हा सहजी येत नाही.

आता ज्या ठिकाणी आमचा उपक्रम जवळजवळ बंद पडला, ते सविस्तर सांगते. फलकावर लागणारे लेखन पालक आणि पाहुणे पाहतात, म्हणून ते निर्दोष असावे, असा शाळांमध्ये साधारण प्रघात असतो. त्यामुळे लेख आधी शिक्षकांकडे जातो, शिक्षक लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात, मग ओघात एखादे वाक्यही सुधारतात, मूल ते सुवाच्य अक्षरात उतरवून काढते आणि तो कागद फलकावर जातो. आमच्या वर्गातही असेच चालले होते. ऐरोलीच्या गावठाणातील एका मुलीने ओहोटीला खाडीच्या चिखलात निवट्या (चिखलातले छोटे मासे) कशा पकडतात, हे लिहिले होते. फलकापर्यंत पोहोचेस्तोवर त्याचा ‘निसर्गाच्या सान्निध्यातील एक अविस्मरणीय दिवस’ झाला. वर्गमैत्रिणींनी तिला प्रश्न विचारले, तेव्हा ती म्हणाली, “मला नका विचारू, ते मी नाही लिहिलेलं.” त्यानंतरच्या तासांना तिची वही कोरी राहिली आणि हळूहळू इतरांच्या वह्याही रिकाम्या राहू लागल्या. लेख एकसारखे दिसू लागले की वाचणाऱ्याला विचारण्यासारखे काही उरत नाही. मग प्रतिसादाच्या कागदावर ‘छान’, ‘खूप छान’ एवढेच उमटते. ‘छान’ वाचून कोणीही दुसरा खर्डा लिहायला बसत नाही.

म्हणून क्रम बदलावा लागतो. पहिला खर्डा आहे तसा, चुकांसकट, वर्गाच्या आतल्या भिंतीवर लागला पाहिजे आणि त्यावर ‘कच्चे पान’ असे ठळक लिहिलेले असले पाहिजे, म्हणजे पालकांची तक्रार आली तरी उत्तर तयार असते. प्रतिसाद देणाऱ्याने कौतुक न लिहिता आपण कुठे अडलो, ते सांगावे आणि एक प्रश्न विचारावा. कोपरखैरण्याच्या एका मुलाने ‘माझे वडील अत्यंत कष्टाळू आहेत’ एवढ्यावर लेख आटोपला होता. खाली कोणीतरी विचारले, ‘ते कामाला किती वाजता निघतात?’ पुढच्या खर्ड्यात वाशीचा कांदा-बटाटा बाजार आला, पहाटे लागणाऱ्या गाड्या आल्या, वडिलांची माथाडी टोळी आली, पाठीवरची गोणी आली. दुसऱ्याने ‘माथाडी म्हणजे नक्की कोण?’ असे विचारल्यावर तो घरी जाऊन विचारून आला आणि तिसऱ्या खर्ड्यात १९६९ च्या माथाडी कायद्याविषयी वडिलांनी सांगितलेले त्याने त्यांच्याच शब्दांत लिहिले. अशा प्रश्नांचे काम माझ्या कोणत्याही शेऱ्याने झाले नसते.

शुद्धलेखन यानंतर येते, पण येतेच. ते टाळणे मुलांवर अन्याय करणारे आहे. शुद्धलेखनाचे अठरा नियम एकदम अंगावर टाकू नयेत. एका पंधरवड्यात केवळ शब्दाच्या शेवटी येणारे इकार-उकार दीर्घ लिहायचे आणि ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’ असे अपवाद लक्षात ठेवायचे, एवढेच पाहावे व बाकीच्या चुकांवर त्या पंधरवड्यात खूण करू नये. हात शिवशिवतो, तरीही करू नये. घरी आगरी बोलणाऱ्या मुलांनी संवादात ‘आयस’, ‘बापूस’ लिहिले असेल, तर ते तसेच राहू द्यावे आणि निवेदन प्रमाण मराठीत आणायला शिकवावे. हा फरक मुलांना आपल्या अपेक्षेपेक्षा लवकर कळतो.

अभ्यासक्रम मागे पडेल, ही भीती खरी आहे. मात्र बातमीलेखन, पत्रलेखन आणि प्रसंगलेखन याच तासिकेत बसवता येते, त्यामुळे वेगळा वेळ फारसा लागत नाही. ज्या मुलांना गावाचा किंवा शहराचा इतिहास लिहायचा असेल, त्यांना १८९३ पासून चालू असलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात पाठवावे. एखाद्या प्रशिक्षण वर्गापेक्षा चांगला ग्रंथपाल या कामात अधिक उपयोगी पडतो, असे मला वाटते.

सुरुवात जूनमध्येच करावी आणि गणपतीच्या सुट्टीपूर्वी प्रत्येक मुलाचे किमान एक कच्चे पान भिंतीवर लागलेले असावे. दिवाळीनंतर स्नेहसंमेलन आणि सहली सुरू होतात, त्यामुळे नवे काही रुजवणे कठीण जाते; तेव्हा मुलांनी निवडलेले लेख एकत्र बांधून त्यांचे हस्तलिखित करावे आणि ते सहावीच्या वर्गात वाचायला द्यावे. प्रश्न विचारायला सहावीची मुले अजिबात संकोचत नाहीत.