एबल खातं: अमेरिकेत एसएसआय सांभाळून पगार साठवायचा कसा

अमेरिकेत दिव्यांग मुलाला किंवा मुलीला पहिली नोकरी लागली की पेढे वाटायच्या आधी घरात प्रश्न निघतो: ‘आता एसएसआय (कमी उत्पन्नाच्या दिव्यांगांना आणि वृद्धांना मिळणारी मासिक सरकारी मदत) बंद होणार का?’ भीती खोटी नाही. एसएसआय घेणाऱ्या एकट्या व्यक्तीच्या नावावर २,००० डॉलरपेक्षा जास्त पुंजी चालत नाही, आणि ही मर्यादा १९८९ पासून तसूभरही हललेली नाही. चार पगार साठले की मदत थांबते, मेडिकेडवरही (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) गंडांतर येऊ शकतं. म्हणून काही जण तास कमी करून घेतात, काही नोकरीच नाकारतात. २०१४ च्या एबल कायद्याने यावर तोडगा काढला. त्याने दिव्यांगांसाठी खास बचत खातं आणलं, तेच एबल खातं. या खात्यातले पहिले १,००,००० डॉलर एसएसआयच्या पुंजीत धरत नाहीत.

आधी पात्रता बघा. अपंगत्व ४६ व्या वर्षाच्या आधी सुरू झालेलं हवं. २०२५ अखेरपर्यंत ही अट २६ वर्षांची होती, त्यामुळे पूर्वी नकार मिळालेल्यांनी पुन्हा चौकशी करावी. आजचं वय कितीही असो. एसएसआय मिळत नसेल तरी डॉक्टरच्या सहीचं निदान जवळ ठेवून आपण पात्र असल्याची स्वयंघोषणा करता येते.

मग राज्य निवडा, कारण ही खाती राज्यांच्या योजनांतून उघडतात. स्वतःच्याच राज्याची योजना घ्यायला हवी असं नाही. ओहायोने २०१६ मध्ये पहिली योजना सुरू केली, ती बाहेरच्यांनाही खुली आहे. वार्षिक शुल्क, डेबिट कार्डाची सोय आणि आपल्या राज्यात करसवलत मिळते का, एवढं ताडून पाहा. माणशी खातं मात्र एकच. खातं ज्याचं, पैसेही त्याचेच. आईवडील ते उघडून चालवू शकतात, पण मालक नसतात.

पैसे भरताना बेरीज करा. २०२५ साली सगळ्यांचे मिळून वर्षाला १९,००० डॉलर भरता येत होते: स्वतःचे, आईवडिलांचे, मावशीने वाढदिवसाला दिलेले, सगळे त्यातच. हा आकडा बदलत असतो, दर जानेवारीत पाहून घ्या. नोकरी करणाऱ्याला वर आणखी जागा आहे. त्या वर्षी नोकरी देणाऱ्याच्या निवृत्ती योजनेत पैसे जात नसतील, तर स्वतःच्या कमाईइतके, पण ठरलेल्या मर्यादेपर्यंत, जादा भरता येतात. २०२५ साठी बहुतेक राज्यांत ती मर्यादा १५,०६० डॉलर होती.

इथे एक गैरसमज हमखास होतो. पगार एबल खात्यात वळवला म्हणून तो सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे एसएसआय देणाऱ्या सरकारी खात्याच्या, नजरेआड जात नाही. हे खातं बचतीला संरक्षण देतं, उत्पन्नाला नाही. समजा महिन्याचा पगार ८८५ डॉलर आहे आणि दुसरं उत्पन्न नाही. त्यातले ८५ सोडून देतात, उरलेल्या ८०० चे निम्मे, म्हणजे ४०० डॉलर, एसएसआयमधून कापतात. २०२५ च्या ९६७ डॉलरच्या पूर्ण मासिक दराने हातात ५६७ राहतात. पगार धरून १,४५२. म्हणजे नोकरी करून नुकसान होत नाही, पण पगाराची स्लिप दर महिन्याला कळवलीच पाहिजे. न कळवता जास्तीची रक्कम घेतली गेली, तर ती पुढे वसूल होते आणि तेव्हा फार जड जाते.

आपल्याकडच्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट तपासावी. आजीआजोबांनी नातवाच्या नावावर पुण्यात केलेली एफडीसुद्धा पुंजीत मोजली जाऊ शकते. भारतातली आहे म्हणून ती सुटत नाही.

खर्चाची नोंद ठेवा. शिक्षण, नोकरीचं प्रशिक्षण, कामावर जाण्यायेण्याचा खर्च, श्रवणयंत्र, उपचार, घरभाडं, हे सगळं चालतं. अपंगत्वाशी संबंध नसलेल्या खर्चासाठी काढल्यास नफ्याच्या भागावर आयकर आणि १० टक्के जादा कर बसतो. घरभाड्याचे पैसे मात्र ज्या महिन्यात काढाल त्याच महिन्यात भरा. २९ मेला काढून ३ जूनला भरले, तर १ जूनला ते पुंजीत धरले जातात. पावत्यांचे फोटो काढून एका फोल्डरमध्ये टाकत राहिलात तरी पुरे.

शिल्लक लाखापलीकडे गेली आणि जादा रकमेमुळे पुंजीची मर्यादा ओलांडली, तर एसएसआय स्थगित होतं, रद्द नाही; मेडिकेड चालू राहतं. खातेदाराच्या मृत्यूनंतर काही राज्यं मेडिकेडच्या खर्चापोटी उरलेल्या रकमेवर दावा करू शकतात. मोठी रक्कम ठेवायची असेल तर ट्रस्टबद्दल आधी वकिलाला विचारा.