घरातल्या नेटवर्कवर फोल्डर उघडत नाही? सेटिंग्जना हात लावण्याआधीची तयारी

हॉलमधल्या डेस्कटॉपवर सगळे फोटो आणि स्कॅन केलेली कागदपत्रं, आणि आतल्या खोलीतल्या लॅपटॉपवरून तो शेअर केलेला फोल्डर काही केल्या उघडत नाही. दोन्हीकडे विंडोज १० किंवा ११ आहे असं धरून लिहितेय. राउटर चालू आहे ना, केबल नीट बसली आहे ना, हे तुम्ही बघितलंच असेल.

कागद-पेन घेऊन डेस्कटॉपसमोर बसा, लॅपटॉपसमोर नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) ‘हूअॅमआय’ टाइप करा (इंग्रजीत, सगळं जोडून: whoami). कॉम्प्युटरचं नाव आणि युजरनेम दोन्ही मिळतात. मग ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) चालवून आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचा या मशीनचा आकडी पत्ता, उतरवा. आणि मग त्या युजरचा पासवर्ड. पासवर्ड, पिन नाही. लॅपटॉपवर ‘एंटर नेटवर्क क्रेडेन्शियल्स’ची चौकट येते तेव्हा हात आपसूक रोजचा चार आकडी पिन टाकतो, आणि तो तिथे कधीच चालत नाही. पिन फक्त ज्या मशीनवर बनवला त्याच मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून त्याला किंमत नाही. मागच्या वेळी मी केबल बदलली, राउटर तपासला, परवानग्या उलटसुलट केल्या, आणि अडलं होतं ते एवढ्यावरच.

यातलाच पुढचा खड्डा. मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा पासवर्ड तुम्ही मोबाइलवरून बदललात, पण डेस्कटॉपवर कायम पिननेच शिरत असाल, तर डेस्कटॉपला नवा पासवर्ड माहीतच नसू शकतो. पासवर्ड बरोबर टाकूनही ‘चूक’ असं उत्तर येतं आणि माणूस वेडा होतो. उपाय: डेस्कटॉपवर साइन-आउट करा आणि एकदा पासवर्ड टाकून आत या. पासवर्डचा पर्याय दिसतच नसेल, तर सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात साइन-इन ऑप्शन्स, आणि तिथला ‘फक्त विंडोज हॅलो’वाला (म्हणजे पिन, चेहरा किंवा बोटाचा ठसा) खटका बंद करा. हे सगळं नको असेल तर डेस्कटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय एक साधा लोकल युजर बनवा, त्याला पासवर्ड द्या आणि फोल्डर त्याच्या नावाने शेअर करा. मला हाच मार्ग पटतो, कारण घरातल्या सगळ्यांना आपल्या ईमेलचा पासवर्ड वाटत बसायची गरज उरत नाही. पण पासवर्ड द्याच. रिकाम्या पासवर्डचा युजर विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही.

आता एरर नीट वाचा. ‘पाथ सापडत नाही’ म्हणजे रस्त्याचा घोळ, ‘अॅक्सेस डिनाइड’ म्हणजे परवानगीचा. दोन्हींवर एकच औषध मारू नका.

रस्त्याचा घोळ असेल तर लॅपटॉपचाही आयपी बघा. डेस्कटॉप १९२.१६८.१ मध्ये आणि लॅपटॉप १९२.१६८.० मध्ये असेल तर ती दोन वेगळी नेटवर्कं आहेत. आपल्याकडे फायबरवाला त्याचा डबा बसवून जातो, रेंज पुरत नाही म्हणून आपण बाजारातून दुसरा राउटर आणतो, आणि दोघंही आपापले पत्ते वाटू लागतात. दुसऱ्याला अॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो पत्ते वाटणार नाही, फक्त वाय-फाय पसरवेल. लॅपटॉप पाहुण्यांच्या गेस्ट वाय-फायवर असेल तरीही काही दिसणार नाही. गेस्ट वाय-फाय त्याचसाठी असतं. मग नेटवर्क प्रोफाइल बघा, म्हणजे विंडोज या नेटवर्कला पब्लिक मानतं की प्रायव्हेट. राउटर बदलला की विंडोजच्या दृष्टीने ते नवं नेटवर्क, आणि नव्या नेटवर्कला ते बहुधा पब्लिक ठरवतं. मग फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या रोखणारा विंडोजचा पहारेकरी) शेअरिंग अडवतो. घरी दोन्ही मशीनवर प्रायव्हेट करा. बाहेरच्या वाय-फायवर मात्र पब्लिकच राहू द्या.

एक्सप्लोररच्या ‘नेटवर्क’ यादीत डेस्कटॉप दिसत नाही म्हणून घाबरू नका, ती यादी भरवशाची नाही. अॅड्रेस बारमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे उतरवून घेतलेला आयपी टाका. फोल्डर उघडला तर शेअरिंग ठीक आहे.

फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये परवानगी दोन ठिकाणी असते: ‘शेअरिंग’ टॅबमध्ये आणि ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये. सोसायटीच्या गेटवर सोडलं तरी फ्लॅटचं दार उघडावंच लागतं, तसं हे. दोन्हींत जे कडक असेल ते लागू होतं. शेअरिंगमध्ये ‘एव्हरीवन’ला सगळं दिलं आणि सिक्युरिटीत तो युजरच नाही, तर डिनाइडच येणार.

तरीही पासवर्ड मागत राहिला तर लॅपटॉपवरचा क्रेडेन्शियल मॅनेजर (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) उघडा. तुम्ही आधी चुकून टाकलेला पिन तिथे जपून ठेवलेला असू शकतो आणि मग तोच पुन्हा पुन्हा पाठवला जातो. ती नोंद काढा, साइन-आउट करून परत या, आणि या वेळी पासवर्ड टाका. पिन नाही.

जुने व्हिडिओ बघून होमग्रुप (घरातली मशीन जोडायची विंडोजची जुनी सोय) शोधू नका, २०१८ मध्येच तो विंडोज १० मधून काढला. ‘एसएमबी १ (फायली शेअर करायचा जुना प्रोटोकॉल) चालू करा’ हा सल्ला तर अजिबात ऐकू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारं मालवेअर पसरलं ते त्याच जुन्या प्रोटोकॉलमधल्या भगदाडातून, आणि त्याच वर्षीपासून नव्या विंडोजमध्ये तो आपणहून बसत नाही. जुना नॅस (नेटवर्कवर फायली साठवायचा डबा) किंवा राउटरला लावलेली हार्ड डिस्क विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटनंतर बंद पडली असेल, तर कारण बहुधा वेगळं: प्रो आवृत्तीत आता सही केलेलं (खरेपणाची डिजिटल खूण असलेलं) कनेक्शन लागतं आणि विनापासवर्ड गेस्ट चालत नाही. आधी त्या डब्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा आणि त्यावर युजर-पासवर्ड लावा. ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करून सुटका करून घेऊ नका.

बाकी पटापट. डेस्कटॉप स्लीपमध्ये जाऊ देऊ नका. वेगळा अँटिव्हायरस असेल तर त्याचा स्वतःचा फायरवॉल बघा. डेस्कटॉपचा आयपी राउटरमध्ये कायमचा राखून ठेवा, म्हणजे कागदावरचा पत्ता बदलणार नाही. आणि वैतागून राउटरचं रीसेटचं भोक दाबू नका. कनेक्शन पीपीपीओईवर (राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड भरून चालणारं) असेल तर त्याचं युजरनेमही पुसलं जातं, मग इंटरनेटही बंद आणि फायबरवाल्याला फोन.