ओमानी खंजीर घेताय? या चुका टाळा

मस्कतला राहायचं म्हणजे भारतातून आलेल्या पाहुण्यांना मुत्रा सूक, म्हणजे इथला जुना बाजार, दाखवायचा आणि त्यांनी खंजीर घ्यायचा, हे ठरलेलंच. घ्यावाच, ओमानच्या झेंड्यावर आहे तो, २०२२ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीतही आला. पण तेच तेच घोळ बघून आता वैताग आलाय.

सगळ्यात वाईट म्हणजे चांदी चमकवायची घाई. ओळखीतल्या एका काकांनी ओमानमधल्याच निझवा शहरातून जुना खंजीर नेला. म्यानावर चांदीच्या तारेचं बारीक काम, खाचांमध्ये काळपट झाक, बघत बसावा असा. घरी गेल्यावर कुठलातरी व्हिडिओ बघून त्यांनी तो म्यानासकट गरम पाणी, खायचा सोडा आणि अॅल्युमिनियम फॉइलमध्ये बुडवून ठेवला. चांदी लख्ख झाली, पण म्यान आतून लाकडाचं आणि वरून चामड्याचं, ते आधी फुगलं, मग वाळताना आक्रसलं आणि तारेची शिवण जागोजागी उसवली. त्यात पातं मुठीत राळेनं बसवलेलं होतं, ती गरम पाण्यात मऊ पडली आणि पातं खुळखुळायला लागलं. आणि ती काळी झाक म्हणजे घाण नव्हतीच हो, तिच्यामुळेच नक्षी उठून दिसते! पुढच्या खेपेला काका तो परत घेऊन आले, निझवाच्या एका कारागिरानं पातं बसवून शिवण नव्यानं करून दिली, पण जुन्या हाताचं काम गेलं ते गेलंच. मी फक्त कोरडं सुती फडकं फिरवतो, खाचांत मऊ ब्रश, पात्याला अधूनमधून तेलाचा हलका हात. बास. टूथपेस्ट, चिंच, पितांबरी काही लावू नका.

दुसरी चूक, "गेंड्याच्या शिंगाची मूठ". दुकानदार हे कुजबुजला की लोकांचे डोळे चमकतात. पूर्वी व्हायच्या अशा मुठी, जंबिया या येमेनी वाकड्या कट्यारीची तर बहुतेक किंमत मुठीचीच, पण त्या हौसेपायी आफ्रिकेत गेंड्यांची भयंकर कत्तल झाली. १९७७ पासून शिंगांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आहे, येमेननंही १९८२ मध्ये आयात बंद केली, आणि भारतात आणलंत तर वन्यजीव कायदा आहेच. म्हणजे मूठ खोटी निघाली तर फसलात आणि खरी निघाली तर अडकलात. चंदनाची घ्या ना, आजचे चांगले कारागीर ती सुंदर करतात.

जंबिया आणि खंजीर एकच समजू नका, म्यान आणि पट्टा बघितला तरी फरक कळतो. ओमानमध्येही प्रकार आहेत, म्यानावरच्या कड्या मोजा, साधारण चार असतात, सईदी खंजिराला सात, तो राजघराण्याच्या नावानं ओळखला जातो.

खंजिरासोबत ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिचं चांदीचं नाणं दाखवून "बघा, १७८० सालचं" म्हणतात. ही नाणी वितळवून इथले सोनार चांदी वापरायचे हे खरंय, पण त्या राणीच्या मृत्यूनंतरही नाणं १७८० हेच साल घालून पाडत राहिले, त्यामुळे सालावरून वय ठरवू नका.

पात्याची धार बघून भाव करणं हाही घोळच, ओमानी खंजिरात जीव असतो तो चांदीच्या कामात. पातं एकाचं, चांदी दुसऱ्याची, पट्टा तिसऱ्याचा, अशी कामं वाटलेली असतात आणि चांगल्या कामाला आठवडे लागतात. तिथे जाऊन "उद्या फ्लाइट आहे, आज द्या" म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. इतकी घाई असेल तर सरळ सुवेनियर घ्या आणि सुवेनियरचाच भाव द्या.

उपसताना म्यानाच्या कडेवर बोटं ठेवू नका, जुनं लाकूड चिरलेलं असलं तर पातं थेट बोटात. आणि केबिन बॅगेत तर अजिबात नको, चेक-इनमध्येच टाका, तेही एअरलाइनला विचारून आणि पात्याच्या लांबी-रुंदीचा भारतातला नियम खरेदीच्या आधी बघून.