व्हॉइस ओव्हरचा डेमो घरीच करताय? आधी कपाट उघडा

डेमो म्हणजे काम मिळवायला पाठवायचा आपल्या आवाजाचा नमुना. त्यासाठी सुरुवातीलाच महागडा माईक घेऊ नका हो, आधी खोलीचं बघा. रिकाम्या भिंतींच्या खोलीत कुठल्याही माईकवर आवाज घुमणारच, त्यापेक्षा कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसा, पाठीमागे जाड गोधडी टांगा, पंखा बंद, फ्रीजपण बंद (नंतर चालू करा नाहीतर दूध नासेल). माईक तोंडापासून वीतभर लांब आणि जरा तिरका ठेवा म्हणजे प, फ, भ म्हणताना हवेचा फटका थेट बसत नाही.

डेमो एक मिनिटाचा पुरे, त्यात जाहिरात, माहितीपट, गोष्ट असे तीन-चार तुकडे घ्या आणि सगळ्यात भारी तुकडा अगदी सुरुवातीला टाका, कारण पुढचं कोणी ऐकेलच असं नाही. रेकॉर्डिंग ॲपच्या सेटिंगमध्ये फाईल डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारा फाईलचा प्रकार), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशी निवडा.

मराठी कामात 'चहा'तला च आणि 'चमचा'तला च वेगळा लागतो, ळ चुकला तर लगेच पकडला जातो, तेव्हा रोज पेपर मोठ्याने वाचा.

आणि रेट सांगण्याआधी विचारा, आवाज कुठे वापरणार, किती महिने, रिटेक (पुन्हा रेकॉर्डिंग) किती? उत्तर व्हॉट्सॲपवर लिहूनच घ्या.