रेबेल म्हणा, किस म्हणा, नाहीतर १५००डी

न्यू जर्सीहून भाच्याचा फोन. "मावशी, इथे कॅननचा रेबेल टी७ कॅमेरा आहे, आणू का?" म्हटलं, अरे, तोच इथे ठाण्याच्या नौपाड्यात १५००डी म्हणून मिळतो. युरोपात त्याचा २०००डी होतो आणि जपानात किस एक्स९०. पोर एकच, बारशी चार.

कंपनी प्रत्येक देशात वेगळं दुकान मांडते, तिथल्या गिऱ्हाइकाला रुचेल ते नाव ठेवते. 'किस' १९९३ मध्ये जपानी आईबापांसाठी काढला, पोरांचे फोटो काढायला. म्हणून नावावर जाऊ नका. मेगापिक्सल आणि बॅटरीचा नंबर ताडून बघा. १५००डी आणि टी७, दोन्हींत २४.१ आणि एलपी-ई१०.

मग कॅमेरा हातात घेऊन मेनू उघडा. सोनीच्या जपानी बाजारातल्या बऱ्याच बॉडींत (म्हणजे लेन्सविना कॅमेऱ्यांत) भाषा फक्त जपानी असते, आणि ती साध्या सेटिंगने बदलत नाही. स्वस्त मिळाला म्हणून उड्या मारू नका.

व्हिडिओ सिस्टिम बघायला मात्र विसरू नका. मी विसरले होते. बाहेरून आलेली सेकंडहँड बॉडी, एनटीएससीवर, म्हणजे अमेरिका-जपानच्या व्हिडिओ पद्धतीवर, सेकंदाला ६० फ्रेम. ठाण्यातल्या एका हॉलमध्ये मुंज होती. घरी येऊन बघते तर मातृभोजनाच्या ताटावरून काळे पट्टे सरकतायत, बटूच्या तोंडावरूनसुद्धा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे ६० फ्रेमचा मेळ बसतो, इथे बसत नाही. मेनूत 'पाल' ही आपल्याकडची पद्धत निवडा, म्हणजे २५ आणि ५० फ्रेम मिळतील, आणि शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. पाल नसेलच, तर ६० फ्रेमवरही शटर १/१०० वर लॉक करा. त्या बटूच्या आईला मी काय सांगितलं ते विचारू नका.

रेकॉर्डिंग २९ मिनिटं ५९ सेकंदांनी बंद पडलं तर कॅमेरा बिघडला नाही. अर्धा तास किंवा जास्त रेकॉर्ड करणाऱ्या यंत्रावर युरोपात व्हिडिओ कॅमेऱ्याची जास्त जकात लागायची, म्हणून ही कात्री. पॅनासॉनिक जीएच४ कॅमेऱ्याच्या युरोपी मॉडेललाच ती होती. मंगलाष्टकं लांबणार असतील तर आधी तपासा.

चार्जरवर १००-२४० व्होल्ट छापलेलं असलं की पाच-पन्नास रुपयांचा पिन अडॅप्टर पुरतो. वॉरंटीचं मात्र तसं नाही. ती बहुधा विकलेल्या देशापुरतीच असते, आणि इथे दुरुस्तीचे पैसे आपल्याच खिशातून जातात.

भाच्याला म्हटलं, कॅमेरा मी इथे पक्क्या बिलावर घेते. तू आपली दोन एसडी कार्डं आण, ती सगळीकडे सारखीच.