संशयिताचे छायाचित्र दुकानात लावण्यापूर्वी

कॅमेऱ्यात कोणी वस्तू पिशवीत टाकताना दिसले, तरी गुन्हा सिद्ध होईपर्यंत ती व्यक्ती संशयितच असते. म्हणून तिच्या छायाचित्राखाली ‘चोर’ असे लिहून ते गल्ल्यामागच्या भिंतीवर चिकटवल्यास बदनामीचा दावा दुकानदारावरच होऊ शकतो. पुढे काउंटरवर तिने पैसे भरले असतील, तर ते त्या एका चित्रात दिसत नाही. युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याच्या कलम १० ने गुन्ह्यांविषयीची वैयक्तिक माहिती हाताळण्यावर कडक मर्यादा घातल्या आहेत. मूळ चित्रण तारीख-वेळेसह जपून पोलिसांकडे सोपवावे आणि कर्मचाऱ्यांसाठी प्रत ठेवायचीच असेल, तर कायद्याची परवानगी तपासून ती ग्राहकांच्या नजरेआड ठेवावी. अल्पवयीन मुलाचे छायाचित्र मात्र कधीही लावू नये.