फ्लेमिंगोंवर प्रोजेक्ट? लायब्ररीच्या डेटाबेसमधून संदर्भ असे शोधा

माझी भाची वाशीला राहते, टीवायला आहे. प्रोजेक्टचा विषय ठाणे खाडीतले फ्लेमिंगो. गुगलवर मिळाल्या त्या बातम्या आणि एकमेकांवरून उतरवलेले ब्लॉग. शेवटी रविवारी दोघी लॅपटॉप घेऊन बसलो.

आधी कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन एन-लिस्टचा (कॉलेजांना ऑनलाइन जर्नल्स पुरवणारी योजना) आयडी मागा. कॉलेज सभासद असेल तर हजारो ई-जर्नल्स घरबसल्या उघडतात. (मुलं हे सबमिशनच्या आदल्या आठवड्यात विचारतात!) आयडी मिळेपर्यंत शोधगंगा आहेच, तिथे पीएचडीचे प्रबंध फुकट वाचता येतात. प्रबंध उघडला की आधी शेवटची संदर्भसूची बघा. कुणीतरी काही वर्षं खपून तुमचं निम्मं काम करून ठेवलेलं असतं.

खरी मेख शोधशब्दांत आहे. भाचीने अख्खा प्रश्न टाइप केला, हाती काही लागलं नाही. दोन-तीन नेमके शब्द घ्या, मध्ये इंग्रजीत कॅपिटल 'अँड' टाका, जोडनाव अवतरणचिन्हांत ठेवा. आता गंमत बघा. इंग्रजीत ठाण्याचं जुनं स्पेलिंग वेगळं, शेवटचं अक्षर 'ई' नाही, 'ए'. मुंबई इलाख्याच्या १८८२च्या गॅझेटियरवरही तेच आहे. नवी मुंबई जुन्या लेखांत 'न्यू बॉम्बे' असते. लहान फ्लेमिंगो (लेसर फ्लेमिंगो) या जातीचं शास्त्रीय नाव कुठे फिनिकॉप्टेरस मायनर, तर कुठे फिनिकोनायस मायनर. डेटाबेसला हे आपणहून कळेलच असं नाही. दोन्ही रूपं कंसात घालून मध्ये 'ऑर' द्या. भाचीने एवढंच केलं आणि यादी एकदम लांबली.

मग चाळणी. लेखाचा पिअर-रिव्ह्यू (छापण्याआधी त्या विषयातल्या तज्ज्ञांकडून तपासणी) झालाय का, हे जर्नलच्या साइटवर बघा. नुसत्या आयएसएसएन नंबरवर (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) भुलू नका, तो दर्जाचा दाखला नव्हे. डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) टाकून लेख खरंच उघडतो का तेही पाहा. सालाकडे लक्ष हवंच. खाडीचं अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून) २०२२ मध्ये मिळाला. २०१२च्या लेखातलं 'सध्या' आज जसंच्या तसं उतरवलंत तर व्हायवात अडकाल.

जुन्या मराठी पुस्तकांसाठी मात्र स्क्रीन सोडा आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय गाठा. ते १८९३ पासून आहे.

आणि पीडीएफ उतरवल्या क्षणी तिला लेखकाचं आडनाव आणि साल द्या. भाचीच्या डाउनलोडमध्ये 'डॉक्युमेंट १७' नावाची फाइल आहे. त्यातला तक्ता तिने वापरलाय आणि तो कुणाचा, हे ती अजून शोधतेय.